धुरपताबाईंनी लावलेला अर्थ

मुखेडच्या अमरनाथ सरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर गपगुमान नातवंडं खेळवायची सोडून हिब्रू शिकायला घेतली. ती उजवीकडून डावीकडे वाचतात. दोन वर्षांत सर पेपरसुद्धा मागच्या पानापासून वाचायला लागले आणि बायकोने कपाळावर हात मारला. पण सर ख्रिस्ती, आणि त्यांचा हट्ट एकच होता: बायबल आपल्या माणसांना आपल्या बोलीत ऐकू यावं.

गाडी अडली ती दुसऱ्याच वाक्यात. जग घडायचंय, सगळा अंधार, खाली नुसतं पाणी, आणि त्या पाण्यावर देवाचा आत्मा काहीतरी करतोय. काय करतोय ते सांगणारं क्रियापद म्हणजे 'राखफ'. पुढे एकदा तेच पिल्लांवरच्या गरुडासाठी आलंय, एवढाच काय तो आधार.

हे भाषांतर तपासणाऱ्या पुण्याच्या समितीचा नियम कडक होता. बायबल कधीच न वाचलेल्या माणसाला वाक्य वाचून दाखवायचं आणि त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. चारदा फसलं, की समितीने पुण्याहून पाठवलेला शब्द बसणार. सरांनी ऐकायला निवडल्या शेजारच्या धुरपताबाई. बाई बौद्ध, सत्तरीच्या, देव न मानणाऱ्या आणि तोंडाने फटकळ. सरांची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

पहिल्यांदा सरांनी वाचलं, 'घिरट्या घालत होता'. बाई तडक उठून कोंबडीची पिल्लं झाकायला गेल्या, घार आली म्हणून. दुसऱ्यांदा 'तरंगत होता' म्हटल्यावर त्यांनी कोण बुडालं, पोलिसांना कळवलं का, असं विचारलं. तिसऱ्यांदा 'फडफडत होता' आलं, तर बाईंना दोरीवरचं लुगडं आठवलं. सरांनी तिन्ही वेळा कागदावर 'नापास' लिहिलं. आयुष्यभर पोरांना नापास केलेल्या माणसाला ते भलतंच झोंबलं.

चौथ्या वेळी सर शेवटचा शब्द घेऊन गेले. अंगणात कोंबडी नव्या पिल्लांवर पंख अर्धवट पसरून उभी होती. धड बसलेली नाही, धड उडतही नाही, नुसती थरथरत होती. सर कागद घेऊन वाकले आणि कोंबडीने त्यांच्या मनगटावर कडकडून चोच मारली.

"तिला छेडू नका, सर," बाई म्हणाल्या. "पाखर घालून राहिली ती."

सरांनी तिथेच उकिडवं बसून शब्द खोडला, नवा लिहिला आणि वाक्य वाचलं.

मग बाई म्हणाल्या, "अंधार हुता. पाणीच पाणी. त्याच्यावर कुणीतरी पाखर घालून हुतं. म्हंजी खाली कायतरी जित्तं हुतं, सर. मेलेल्यावर कोण घालतंय पाखर?"

साठ वर्षं सरांना ते वाक्य पाठ होतं. त्या अंधारात काही जिवंत असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. बाईंनी मनगटाला लावायला हळद आणली, तोवर त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं.

"पन ते कुणीतरी म्हंजी देव, असं माझ्या नावानं लिहू नका," बाई म्हणाल्या. "तेवढं तुमचं तुमी घाला."

सरांनी इमानदारीने शेरा लिहिला: ऐकणारीला क्रियापद पूर्ण कळले, कर्ता मान्य नाही.