साठ ॲप्रनांतला एक खिसा

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लॉन्ड्रीचं दार साडेपाचला उघडायचं आणि घरापासून तिथवर पाऊण तासाची चाल. बावीस वर्षांत उशीर फक्त तीनदा.

धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे तपासणं हे तिचं काम. अंगठ्या, किल्ल्या, एकदा तर दातांची कवळी. हाताला लागेल ते काढायचं, मगच कपडा पाण्यात. म्हणून सगळे तिला खिसेमावशी म्हणत.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मागोमाग त्याचा फोनही बंद पडला, पण त्याआधी दुकानदाराने त्यातले फोटो एका पेन ड्राइव्हवर काढून दिले. नऊशेच्या वर. नवऱ्याचा तेवढाच ऐवज उरला होता. परगावी नोकरीला असलेल्या लेकीचं दर फोनला एकच टुमणं: "आई, आणखी एक प्रत काढून ठेव गं."

"चार ठिकाणी ठेवलं की चार ठिकाणी हरवतं. एक वस्तू, एक जागा. अंगावर."

शेजारच्या घरी चोरी झाल्यावर तिने ॲप्रनच्या कमरपट्टीच्या आत दुहेरी कापडाचा चोरखिसा शिवला आणि ड्राइव्ह त्यात ठेवला. कुठे हात लागला की खिसा सापडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिचा खिसा कुणालाच सापडला नसता. शनिवारी ॲप्रन धुवायला टाकायचे, तेव्हा ती आधी ड्राइव्ह काढून घ्यायची.

त्या शनिवारी इस्त्रीवाली आली नाही. मावशीला इस्त्रीच्या टेबलावर उभं केलं, खिशांवर नवी बाई बसवली. दुपारी मुकादमाने घाई केली. "ॲप्रन टाका भराभर, मशीन थांबलंय." वाफेने जीव नकोसा झालेला. तिने ॲप्रन सोडला आणि धुण्याच्या गाड्यात फेकला.

एक वाजून दहा मिनिटांनी ती बाकावर डबा उघडून बसली. सवयीने हात कमरेकडे गेला. कमरेला नुसतं लुगडं.

घास तोंडातच राहिला. ती धावली. मशीनच्या गोल काचेआड साठ पांढरे ॲप्रन फेसात गरगरत होते.

"थांबव," ती मशीनवाल्याला म्हणाली.

"काय राहिलं? आणि मावशी, तुमचंच राहिलं?" त्याला हसू आलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बटण दाबलं. "पाणी उतरल्याशिवाय दार उघडत नाही. दहा-बारा मिनिटं."

ती काचेला कपाळ लावून उभी राहिली. त्या दहा मिनिटांत तिने नवऱ्याचा चेहरा आठवून पाहिला. एकच चेहरा येत होता, सायकल धरून उभा असलेला. तो फोटोतलाच. फोटोबाहेरचा काही केल्या येईना.

दार उघडलं तेव्हा वाफ आणि साबणाचा वास अंगावर आला. कपडे चटके देत होते.

"हातमोजे घाला," मशीनवाला म्हणाला.

"मोज्यातून शिवण कळत नाही."

ती एकेक कमरपट्टी बोटांनी चाचपत गेली. दहा. वीस. बोटं लाल झाली. नव्या बाईने न सांगता दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "मी सगळे खिसे बघितले होते हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तुझी चूक नाही. मीच तो लपवला होता."

एकेचाळिसाव्या ॲप्रनला आत टणक काहीतरी लागलं.

तिला ड्राइव्ह तसाच ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून बघायचा होता. मशीनवाल्याने मनगट धरलं. "ओला लावलात तर जे उरलंय तेही जाईल. दुरुस्तीवाल्याकडे न्या."

दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह उघडला, आतली पट्टी पुसली, वाळत ठेवली आणि सांगितलं, "परवा या. आज काही बोलत नाही."

दोन दिवस ती कामावर गेली, खिसे तपासले. लेकीचा फोन आला तर उचलला नाही. उचलला असता तर खोटं बोलावं लागलं असतं.

ठरल्या दिवशी दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नऊशेंतले चाळीसेक फोटो उघडले नाहीत. कोणते, ते तिने विचारलं नाही. सायकलवाला होता. तिने तो नीट पाहून घेतला आणि मग तिथल्याच स्टुलावर बसली.

त्या महिन्यात तिने सहा पाळ्या जादा केल्या. त्या पैशांतून दुरुस्तीवाल्याची मजुरी गेली आणि दोन डिस्क आल्या, दोन्हींवर वाचलेले सगळे फोटो. एक लेकीला पाठवली. दुसरी घेऊन ती शहराच्या पलीकडच्या टोकाला जावेकडे गेली आणि तिच्या कपाटात कुलपात ठेवायला लावली.

"एवढा विश्वास माझ्यावर?" जाऊ म्हणाली.

"नाही. म्हणून तर दोन घेतल्या."