मामांचे घरातले बूट

अख्ख्या उस्मानपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांना पडू न देण्याचा मक्ता माझ्या मामेसासऱ्यांनी घेतला होता. कुणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी ते न्हाणीघरात शिरत, पायानं फरशी घासून बघत आणि बाहेर येऊन यजमानाला सुनावत, "इथं शेवाळ धरलंय. आईला पाडायचा इरादा हाय व्हय?" दारातलं पायपुसणं तर त्यांना वैऱ्यासारखं वाटे. दिसलं की काठीनं बाजूला. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आजीच्या पायाखालची दुमडलेली सतरंजी सरळ करायला हे खाली बसले, आणि अक्षता अर्ध्याअधिक यांच्याच डोक्यावर पडल्या. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यांची ताकीद असे, "ताडकन उठायचं नाय. आधी पलंगावर बसा, देवाचं नाव घ्या, मग उभं राहा." एक आजी इतक्या देवांची नावं घेऊ लागल्या की घरात रोज चहा दोनदा तापवावा लागे.

मामांना स्वतःला साखरेचा जुना आजार. तळपायाला दगड लागला काय नि गादी लागली काय, काही कळत नसे. म्हणून रबरी तळाचे कापडी बूट खास घरात घालायला ठेवलेले. धुतलेले, पिशवीत घातलेले. प्रत्येक उंबऱ्यावर बसून ते बाहेरची चप्पल काढत आणि हे चढवत. मग स्वयंपाकघर असो की देवघर, बुटांसकट संचार. बायका कुजबुजत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि हे मी बायकोला बोलूनही दाखवायचो.

मुकुंदवाडीला आम्ही घर बांधलं. फरशी अशी गुळगुळीत घेतली की तोंड बघावं. वास्तुशांतीला ऑफिसचे साहेब आले होते, होम पेटला होता, आणि मामा उंबऱ्यावर बसून बूट चढवत होते. मी त्यांच्या कानाशी गेलो. "मामा, आजच्या दिवस तेवढे बूट बाहेर राहू द्या. साहेब बघताहेत."

"घरातलेच हायेत, जावईबापू. कालच धुतलेत."

"तरी बूट ते बूटच."

जावयाचा शब्द मोडायची आमच्याकडं रीत नाही, त्यात त्याच्याच वास्तुशांतीला. त्यांनी बूट काढून पिशवीत ठेवले. पाटापर्यंतही पोचले नाहीत, मधेच घसरून आपटले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात, लग्नांत, सगळीकडं एकच बोलणं. "जगाला शिकवत होते आणि स्वतःच आपटले." लोक हसत. मी तिथंच असायचो, आणि लाज वाटते सांगायला, मीही हसायचो. लोकांना वाटे, त्या दिवशी ते बूट घालायलाच विसरले; बूट पिशवीत का होते, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मामांनी मामींनासुद्धा सांगितलं नव्हतं.

पुढं ते वॉकर धरून पलंग ते खिडकी एवढंच चालत. कुणाकडं जाणं नाही, कुणाची न्हाणी तपासणं नाही. एका रविवारी मी कसाबसा बोललो, "मामा, चूक माझी होती."

त्यांनी वॉकर बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं, पण काढले मीच ना. माझ्या पायाला कळत नाय, हे तुमच्या सायबापुढं बोलायला जीभच रेटली नाय. दुसऱ्याला सांगाया लई सोपं असतं, जावईबापू."

त्यांनी माझा अपराध निम्मा स्वतःवर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी तेच वाक्य पुन्हा काढलं, जगाला शिकवत होते आणि स्वतःच आपटले. वाढता वाढता मामीही कसनुसं हसल्या. मी पानातून मान वर केली नाही. तोंडानं जमलं नाही ते आता लिहून ठेवतोय, आणि हा कागद पहिल्यांदा मामींना वाचायला देणार आहे. मामा बूट विसरले नव्हते. ते मी काढायला लावले होते.