नमुन्याच्या नळातली भेग

गुडगावच्या पलीकडे मोहरीच्या शेतांतून तेव्हा नुकत्याच इमारती वर येऊ लागल्या होत्या. तिथल्या एका नव्या डेअरीच्या प्रयोगशाळेत मला पहिली नोकरी लागली. दिल्लीच्या पहाडगंजहून रोज चार्टर्ड बसने जायचे. टाक्या, पाइप सगळं चकचकीत स्टीलचं, परदेशातून आलेलं. वाटायचं, इथे जंतूला पाय ठेवायला जागाच नाही.

तरी तीन नंबरच्या टाकीचा नमुना नापास व्हायला लागला. टाकीच्या बुडाशी एक छोटा नळ होता. त्यातून बाटलीत दूध घ्यायचं, त्यातलं थोडं काचेच्या बशीत लाल जेलीत मिसळायचं आणि बशी उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीत जंतूंचे गडद ठिपके उगवलेले असत. टाकी दोनदा धुतली, ठिपके हटेनात. चौथ्या दिवशी मी अहवाल लिहिला, 'टाकी बंद करावी', आणि मॅनेजरकडे निघाले.

वाटेत ताऊजी भेटले. नळ-पाइप धुण्याचं काम त्यांचं. रोहतककडचे, हरयाणवी बोलणारे, निवृत्तीला आलेले. अख्खा प्लांट त्यांना ताऊजीच, म्हणजे थोरले काका, म्हणायचा.

"मॅडम, टंकी तो ठीक सै. नलका खोलके देखा?"

"रोज भाप से धुलता है ना?"

"बाहर से."

टाकी रिकामीच होती. ताऊजींनी नळाची पकड सैल केली आणि एकेक भाग काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडला. शेवटी निघाली रुपयाएवढी रबरी चकती. मला ती कोरी करकरीत दिसली. त्यांनी ती अंगठ्यावर वाकवली, आणि केसाएवढी एक भेग उघडली. आत पिवळसर रेघ. चकती त्यांनी माझ्या नाकाशी धरली. आंबूस वास.

मी एम.एस्सी. झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू ओळखायचे. पण ते राहतात कुठे, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि ते एवढ्याशा जागेत!

ताऊजींनी बारीक ब्रशने प्रत्येक भोक घासलं, भाग सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले, खळबळले, नवी चकती बसवली. टाकी भरल्यावर नळाला वाफ दिली, पहिली धार सोडून दिली आणि मग म्हणाले, "अब लो."

दुसऱ्या दिवशी बशी खिडकीशी धरली. एकही ठिपका नाही. लाल काचेसारखी नितळ. मी ती तशीच घेऊन खाली धावले. ताऊजींनी डोळा बारीक करून तिच्यातून पलीकडे पाहिलं.

"बाकी नलके भी खोलने हैं. सीखोगी?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

अहवाल फाडला. त्या आठवड्यात आम्ही सगळे नळ उघडले. आणखी दोन चकत्या तशाच निघाल्या. मी जोडलेला पहिला नळ मात्र गळला, आणि ताऊजींनी तो पुन्हा सुटा करून भाग माझ्यापुढे ठेवले.