अगत्तीला कोण उतरलं?

या पानावरचे बरेच गूढ अनुभव मी वाचलेत आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वाचताना मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेतली आहे. साक्षीदार कोण? वेळ कुणी पाहिली? कागद कुठे आहे? सवयच आहे ती. अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात, क्लेम सेक्शनमध्ये मी एकतीस वर्षं काढली. चोरी झाली म्हणणाऱ्याकडे पंचनामा मागायचा, आग लागली म्हणणाऱ्याकडे जळलेल्या मालाचे फोटो मागायचे. फोटो नाही तर फाइल बंद. माझ्या टेबलासमोर लोक रडले आहेत आणि मी त्यांना पाणी देऊन पुन्हा फोटोच मागितला आहे. त्यामुळे आत्मा, संकेत वगैरे मंडळी आमच्या घरात कधी फिरकलीच नाहीत. घरात तरी कोण... नाहूरला तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच. मूलबाळ नाही.

गेल्या एप्रिलपासून मी एकटीच. आमचे हे — सदानंद — एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वय चौसष्ट. साकीनाक्याला एका जनरेटरच्या कारखान्यात फिटर होते. लग्नाआधी कंपनीने त्यांना लक्षद्वीपमध्ये अगत्तीला जनरेटर बसवायला पाठवलं होतं. काम पंधरा दिवसांचं, पण एक पार्ट वेळेवर पोचला नाही, मग पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या आणि हे चार महिने तिथेच अडकले. त्या चार महिन्यांवर पुढची पस्तीस वर्षं बोलत होते. तिथलं पाणी कसं, ज्यांच्याकडे राहिले त्या घरातल्या बाईच्या हातचं मासळीचं कालवण कसं, नारळाच्या झाडाखाली दुपारी झोप कशी लागते... माणूस मूळचा मालवणकडचा, याला समुद्राचं आणि नारळाचं काय एवढं कौतुक, असं मी चिडवायचे. तर म्हणायचे, "तुका एकदा थंय नेतलंय, मगे बोल."

रिटायर झाल्यावर मला न विचारता त्यांनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग करून टाकलं. पाच दिवसांची ट्रिप, तिसऱ्या दिवशी अगत्ती. पैसे फेब्रुवारीत भरले, निघायचं नोव्हेंबरमध्ये. मधे हा एप्रिल आला.

मी कॅन्सल करायला घाटकोपरला हेतलबेनकडे गेले. ती आमची एजंट, चांगली बाई आहे.

"आंटी, आता कॅन्सल केलं तर हातात काहीच येणार नाही," ती म्हणाली. "आणि एकट्या गेलात तरी रूमचे पैसे दोघांचेच लागतात. जाऊन या ना. अंकलला किती हौस होती."

"मग त्यांचं नाव तरी काढ."

"त्याला डेथ सर्टिफिकेट लागेल, अर्ज लागेल, सगळी कटकट. राहू दे ना नाव. ते लोक नो-शो, म्हणजे आलेच नाहीत, असं दाखवतात, बस."

मी, जिने जन्मभर लोकांना कागदांसाठी हेलपाटे घालायला लावले, त्या दिवशी कागदांना कंटाळले होते. नाव राहू दिलं.

बॅलार्ड पिअरला चेक-इनच्या काउंटरवर माझा फोटो काढला. मुलीने दोन कार्डं छापून ठेवली होती. "सर मागून येतायत?" तिने विचारलं. मी म्हटलं, सर येणार नाहीत. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि तरीही दोन्ही कार्डं एकाच पाकिटात घालून दिली. हे कार्ड म्हणजे जहाजावर सगळं काही. खोलीचं दार त्याने उघडायचं, कुठल्या बंदराला उतरायचं झालं तर खालच्या दरवाजाशी मशीनवर ते टेकवायचं, परत चढताना पुन्हा टेकवायचं, म्हणजे कोण बाहेर आहे ते त्यांना कळतं. खोलीत दाराजवळ एक खाच होती, तिच्यात कार्ड खोचल्याशिवाय लाइट आणि एसी चालू होत नाही. तिथे मी यांचं कार्ड खोचून ठेवलं. बाहेर जाताना माझं कार्ड घेऊन जायचं आणि खोली थंड राहायची. आपल्याकडचे सगळेच असं करतात, लाजायचं काय त्यात.

पहिले दोन दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. एकच सांगते. जेवणाच्या हॉलमध्ये एकटीसाठी टेबल नसतं. दर जेवणाला वेटर माझ्या समोरच्या खुर्चीपुढे काटे-चमचे मांडायचा आणि विचारायचा, "सर आ रहे हैं?" मी नाही म्हटलं की तो ते उचलून न्यायचा. दोन दिवसांत पाच वेळा झालं हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठपासून मी डेकवर उभी होते. बेट दिसत होतं. एक हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ, आणि अलीकडे पाण्याचा तो रंग... तो मात्र यांनी सांगितला होता अगदी तसाच होता. मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लोकांना छोट्या बोटींतून नेतात. पण लाटा मोठ्या होत्या. खलाशांची एक बोट अंदाज घ्यायला खाली सोडली होती, ती वर-खाली होताना दिसत होती. साडेनऊला घोषणा झाली. समुद्र खवळलेला असल्यामुळे आज प्रवाशांना उतरवता येणार नाही, जहाज थोड्या वेळात पुढे निघेल.

मग रिसेप्शनपाशी जो काही गोंधळ... कुणाला निम्मे पैसे परत हवे होते, कुणाला पुढची ट्रिप फुकट हवी होती, एक गृहस्थ कॅप्टनलाच खाली बोलवा म्हणत होते. बोरिवलीची स्मिता म्हणून एक बाई तिच्या वीस माणसांच्या ग्रुपला घेऊन सगळ्यांत पुढे होती. नाश्त्याच्या रांगेत आदल्या दिवशी आमचं चार वाक्यं बोलणं झालं होतं. तिने मला गर्दीत हेरलं.

"मॅडम, तुम्ही क्लेममध्ये होता ना? मग लिहा की. आमची वाट लागली इथे आणि हे नुसते सॉरी सॉरी करतायत."

मी सांगितलं, तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय की कॅप्टन कुठलंही बंदर गाळू शकतो. भरपाई म्हणून बंदराचे चार्जेस आणि तिथल्या सहलीचे पैसे मिळतील, त्याउपर दमडी नाही. लोकांची तोंडं उतरली. पण मग तेवढ्यासाठी तरी अर्ज लिहा म्हणाले. कुणीतरी खुर्ची ओढली, कुणी कॉफी आणून दिली. स्मिताने "पैसे परत" नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जहाजाचं वायफाय मी तोवर घेतलंच नव्हतं, फोन करणार कुणाला? त्या सकाळी घेतलं. अर्ज लिहून ग्रुपवर टाकला, दुरुस्त्या केल्या, लोकांच्या सह्या घेतल्या.

बाराच्या सुमारास खोलीत आले तर अंधार. एसी बंद, खोली गरम. खाचेत कार्ड नव्हतं. खाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. साफसफाईवाल्याला बोलावून फैलावर घेतलं, तर तो शपथेवर सांगत होता की मी आज तुमच्या खोलीत अजून आलोच नाही. रिसेप्शनला गेले. तिथली मुलगी म्हणाली, ते पॅसेंजर आलेच नाहीत ना मॅडम, मग त्यांच्या कार्डाची काय गरज? तिचंही बरोबर होतं. मी खोलीत परत येऊन माझं कार्ड खोचलं. ते कार्ड शेवटपर्यंत सापडलं नाही.

मुंबईला परतल्यावर महिनाभर ग्रुप नुसता वाजत होता. रिमाइंडर मी लिहिले, मेल मी केले. शेवटी सगळ्यांचे पैसे आले, मी सांगितले होते तेवढेच. थँक्यू मॅडमचे चाळीसेक जोडलेले हात आले आणि मग एकेक जण ग्रुप सोडून गेला. स्मिता जाताना मला ॲडमिन करून गेली. आता त्यात मी एकटीच आहे.

माझ्या पैशांत मात्र घोळ होता. नो-शो माणसाचे बंदराचे चार्जेससुद्धा परत मिळतात, हा नियम आहे, म्हणून मी दोघांचा क्लेम केला होता. मेलमध्ये उत्तर आलं. पॅसेंजर एक, रक्कम मंजूर. पॅसेंजर दोन, नामंजूर. कारण? सदर प्रवासी अगत्ती येथे उतरले आहेत.

मी आधी हसले. मग माझं डोकं फिरलं. हेतलबेनच्या ऑफिसात जाऊन तिथूनच क्रूझवाल्यांच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर.

"हो मॅडम, सिस्टिममध्ये दिसतंय," तो म्हणाला. "सदानंद सर उतरलेत. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, आउट. इन दिसत नाहीये."

"अहो, जहाजातून कुणीच उतरलं नव्हतं त्या दिवशी."

"हो, ते आहेच मॅडम."

"मग?"

"पण सर उतरलेत असं दिसतंय."

हेतलबेन माझ्याकडे बघत होती. मी भांडायला गेले होते, आणि पर्समधल्या एका पावतीमागे दहा दहा हा आकडा लिहून घेत होते. आठ महिने झाले होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याबद्दल काही सांगताना "होते" म्हणालं नव्हतं.

जहाजावर चौकशी करा, असं सांगून मी फोन ठेवला. आठ दिवसांनी त्याचा स्वतःहून फोन आला, मुलगा तसा प्रामाणिक होता. खालचा दरवाजा त्या वेळी उघडा होता, कारण खलाशांची ती बोट खाली गेली होती. मशीन चालू होतं. बोटीत पाच जण गेले, पाच जण परत आले, किनाऱ्याला बोट लागली नाही. पाळीवरच्या माणसाने दरवाजातून कुणालाही जाताना पाहिलं नाही. पण दहा दहाला कार्ड टेकवलं गेलं, एवढं नक्की.

"कुणी टेकवलं?"

"ते नाही कळत मॅडम."

"कार्ड टेकवलं की स्क्रीनवर फोटो येतो ना? तो फोटो पाठवा."

"फोटोची जागा ब्लँक आहे. सरांचा फोटो काढलाच नव्हता ना टर्मिनलवर."

"नीट बघा ना," मी म्हणाले. "एकदा नीट बघा, प्लीज." माझ्या टेबलासमोर बसून एकतीस वर्षांत किती जण मला अगदी याच आवाजात हे म्हणाले असतील.

त्याने उपाय सुचवला. ते ती नोंद चुकीची धरून काढून टाकतील आणि पैसेही देतील. मी फक्त डेथ सर्टिफिकेट आणि एक सही केलेला फॉर्म पाठवायचा. फॉर्म आला. मजकूर एका ओळीचा : सदर प्रवासी जहाजावर चढले नाहीत व कोणत्याही बंदरावर उतरले नाहीत. अशी वाक्यं मी स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत.

"आंटी, करून टाका ना सही," हेतलबेन म्हणते. "काय फरक पडतो?"

मी अजून केलेली नाही. जानेवारीपासून फॉर्म तसाच पडून आहे. सिस्टिम एरर असेल. कुणीतरी कार्ड उचललं असेल, गंमत म्हणून टेकवून पाण्यात फेकलं असेल. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी पाच मिनिटांत बंद केली असती. पण कुणीतरी बंद खोलीत शिरून नेमकं तेच कार्ड का उचलेल, चार मजले खाली का नेईल, याचं उत्तर मला सापडत नाही, आणि इथे कुणाला सापडलं तर जरूर लिहा. फक्त मनाचे खेळ म्हणू नका, कारण नोंद माझ्या मनात नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

भीती मला एकदाही वाटली नाही. राग मात्र येतो. पस्तीस वर्षं तुला नेतो, तुला नेतो म्हणत होते ना? मग उतरायचं होतं तर मला हाक मारायची. बेट समोर होतं, मी तिथेच होते.

मागच्या आठवड्यात न राहवून मी फोन उघडला आणि त्या सकाळी दहा दहाला मी काय करत होते ते पाहिलं. दहा आठला मी ग्रुपवर अर्ज टाकलाय. दहा अकराला स्मिताने लिहिलंय, "मॅडम एकदम झकास." दहा बाराला मी तिला हसरा चेहरा पाठवलाय. मला ती वेळ चांगली आठवते. माझ्याभोवती दहा-बारा माणसं होती, सगळी एकदम माझ्याशी बोलत होती आणि मी खरोखरच हसत होते. हे गेल्यापासून तेवढा एकच तास असा गेला होता, की मला त्यांची आठवण आली नव्हती.