बॅग उचलून बघणारे सुभेदार

कोणाच्याही हातात बॅग दिसली की सुभेदार काका ती आधी उचलून बघत. माणूस ओळखीचा असो वा नसो. एकदा देवळाली कॅम्पच्या बस स्टॉपवर त्यांनी एका अनोळखी बाईंची बॅग "जरा बघू ताई" म्हणत उचलली, दोनदा झुलवली आणि खाली ठेवून सांगितलं, "यातलं निम्मं तसंच घडी न मोडता परत आणणार तुमी." बाई बिचाऱ्या माहेरी निघाल्या होत्या. त्यांना वाटलं, हा कोणी तपासणीवाला आहे. त्या घाईघाईने चेन उघडून दाखवायला लागल्या. मी शेजारीच उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र बसच्या दिशेने शांतपणे बघत उभे होते.

"हे सामान नाय पोरी, ही भीती हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस आला तर म्हणून छत्री, छत्री मोडली तर म्हणून रेनकोट, पोट बिघडलं तर म्हणून औषधं आणि आवडीचं खायला मिळालं नाही तर म्हणून चिवडा. माणूस कपडे थोडे भरतो आणि भीती ठासून भरतो, असं त्यांचं म्हणणं. सगळी नोकरी तोफखान्यात गेली होती, बदल्या होऊन होऊन घर पाठीवर घेऊन फिरायची सवय होती, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता. नसता तरी ते बोललेच असते.

निवृत्तीनंतर ते लॅम रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मी चौथीत होते. काकू होत्या तेव्हा. पुढे त्या गेल्या, मुलगा नोकरीसाठी बडोद्याला स्थायिक झाला, आणि काका एकटे उरले. पायात कायम चकचकीत पॉलिश केलेले बूट आणि अंगात बनियन व पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हा त्यांचा दूध आणायला जातानाचा गणवेश. गल्लीतली पोरं मागून खुसखुसायची. "कमरेच्या वर मी रिटायर हाय, खाली नाय," असं ते त्यांना ऐकवत.

आमच्या घरात आई आणि मी. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते; मी दहावीत असताना ते गेले. आई भगूरला शाळेत शिक्षिका. सकाळी तिला स्कूटीवरून शाळेत सोडायचं आणि मग नाशिकला कॉलेज गाठायचं, असा माझा दिवस सुरू व्हायचा. बाबा गेल्यापासून आईने एकही रात्र एकटीने काढलेली नव्हती. मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं म्हटलं तरी तिचा चेहरा उतरायचा, मग मीच बेत रद्द करायचे.

अशात मला फिनलंडच्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी जायची संधी मिळाली. पर्यावरणशास्त्राच्या आमच्या वर्गातून माझी एकटीचीच निवड झाली होती. राहण्याजेवणाची सोय शिष्यवृत्तीतून होणार होती. मी नाचत घरी आले. आईने पेढे आणले, देवापुढे ठेवले, शेजारी वाटले, आणि संध्याकाळी म्हणाली, "अभिमान वाटला गं. पण जायचं नाही."

का, तर म्हणे मला भात धड लावता येत नाही, अंथरुणाची घडी घालता येत नाही, थंडी सोसत नाही. सगळं खरंच होतं. डिसेंबरात अंघोळीला जाताना मी असं काही रडगाणं लावायचे की त्या तिकडच्या बर्फाचं नाव काढायची मला लाजच वाटायला हवी होती. मी चिडले, रडले, अबोला धरला. आई बधली नाही. होकार कळवायची मुदत जवळ येत चालली आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. शेवटी मी कुंपणापाशी जाऊन काकांना सांगितलं.

ते लगेच आले, बूट दारात काढले आणि आईला म्हणाले, "बाई, तोफ डागायच्या आधी सराव करतात. पोरीला आठवडाभर माझ्या वरच्या खोलीत धाडा. ते फिनलंड. तिथं एकटी राहिली तर जाईल, नाय राहिली तर नाय." आईला वाटलं, ही दुसऱ्याच दिवशी उशी बगलेत मारून परत येणार. ती लगेच हो म्हणाली.

असं माझं पहिलं परदेशगमन कुंपण ओलांडून झालं. नियम कडक होते. स्वयंपाक, कपडे, भांडी माझी मी करायची. घरी पाऊल टाकायचं नाही. आईशी बोलायचं ते संध्याकाळी एकदाच, तेही फोनवर, जरी ती समोरच्या ओट्यावर दिसत असली तरी. वरच्या खोलीचे पत्रे कॅम्पातल्या तोफांच्या सरावाने थडथड वाजायचे. पहिल्या दिवशी खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. काकांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "दोन्ही प्रकार एकाच पातेल्यात. चांगलंय."

दुपारी ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून खुर्चीत बसत आणि पासपोर्ट तपासणारे साहेब होत. "व्हाय यू कम?" "टू स्टडी, सर." "रिजेक्ट." "का पण?" "हसली का उगाच? खरं बोलणारा माणूस एवढा हसतो का?" मग मी न हसता उत्तर दिलं की "रिजेक्ट. चोरी करून आल्यासारखी उभी नको राहू." पुढे खऱ्या विमानतळावर खऱ्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला आणि शिक्का मारला. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

मला त्या खोलीची दोन दिवसांत सवय झाली. भात जमला. आईला मात्र जमेना. "लाईट आहे का गं तुमच्याकडे?" असं ती कुंपणावरून ओरडायची, दोन्ही घरांना लाईट एकाच खांबावरून येते हे तिला चांगलं ठाऊक होतं. एकदा तिने दूधवाल्याच्या हाती मटकीच्या उसळीचा डबा पाठवला. काकांनी तो जिन्यातच अडवला, पायरीवर बसून, माझ्या डोळ्यांदेखत, पोळीबरोबर संपवला, घासून कुंपणावरून परत दिला आणि आईला सांगितलं, "उसळ झकास. मीठ कमी पडलं." आईचा संताप संताप झाला. मीठ कमी पडलं हे तिला जास्त लागलं असावं.

आठवडा संपत आला तेव्हा एका दुपारी आई स्वतःच काकांच्या पायरीवर येऊन बसली. मी वरून बघत होते. तिचे केस नीट विंचरलेले नव्हते. चार दिवस ती चहाबिस्किटांवर होती. एकटीसाठी काय चूल पेटवायची, म्हणून. शाळेतही रिक्षा मिळेल तशी जात होती. "जमतंय हो तिला," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. पोरीला जमतंय याचं तिला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याची लाज.

काका तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "बाई, परीक्षा पोरीची नव्हतीच. जाणाऱ्याला तिथं गेलं की काम असतं, त्याचं निभतं. मी पयल्यांदा बॉर्डरवर गेलो तेव्हा महिनाभर माझीच तयारी चालली होती घरात. लोकर आण, बूट आण. आमच्या हिची कोणी केली नाय. सुट्टीवर आलो तेव्हा कळलं, मी नसताना ही रोज दोन ताटं वाढायची आन एक तसंच ठेवायची. मग दर बदलीच्या आधी मी आठ दिवस बरॅकीत जाऊन राहायचो, घर हाकेवर असताना. लय दुष्ट म्हणायची मला. पण तेवढ्यात शिवण शिकली." त्यांनी आमच्या दारातल्या स्कूटीकडे बोट दाखवलं. "ही पोरगी गेल्यावर हिच्यावर कोण बसणार?"

आई पंचेचाळिशी उलटलेली, जन्मभर मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेली. दुसऱ्या दिवशीपासून कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यावर तिचं शिक्षण सुरू झालं. काका तोंडात शिट्टी धरून उभे. "बाई, ब्रेक! बाई, तो ब्रेक नाय!" ती बोगनवेलीत गेली, खरचटली, उठली आणि काकांवरच खेकसली की शिट्टीनेच घाबरायला होतं. काकांनी शिट्टी खिशात टाकली. मग एके सकाळी ती मला न उठवताच एकटी शाळेत गेली आणि एकटी परत आली. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "कळव त्यांना. येते म्हणून."

मला आनंदाने रडू फुटलं. आई म्हणाली, "रडतेस काय, भात लाव."

मग खरी बॅग भरायची वेळ आली. नामपूरहून मामा आला तो कांद्याची गोणी घेऊनच. "तठे कांदा भेटस का नही, कोणले माहीत!" असं आपल्या अहिराणीत म्हणत त्याने निम्मी बॅग कांद्यांनी भरली. एरवी काकांचं कोणी ऐको न ऐको, पण बॅगेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बॅग उचलली, खाली ठेवली आणि मामाकडे बघून म्हणाले, "यात भीती तुमची दिसते." कांदे बाहेर आले. जाड रग बाहेर आला, दुसरा कुकर बाहेर आला. शेवटी चेन लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून सुतळीचं एक बंडल काढून कोपऱ्यात सारलं. ती भीती नाही का, असं मी विचारलं. "सुतळी म्हंजे अक्कल," ते म्हणाले. तिकडे त्या सुतळीवर मी सहा महिने कपडे वाळत घातले, शेजारच्या खोलीतल्या मुलीची तुटलेली बॅग बांधून दिली, आणि परत येताना ती सोडून, गुंडाळून पुन्हा आणली.

आमच्याकडे एक माणूस परदेशी निघाला की गाडी भरून माणसं विमानतळावर जातात. मामाने टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलीसुद्धा होती. सटाण्याची मावशी, तिच्या सुना, नातवंडं, सगळी येणार होती. काकांनी ती बेधडक रद्द करायला लावली. "तिथं काच असते. काचेच्या अलीकडं पंधरा माणसं रडतात आन पलीकडं एक. सामान सोडून पोरगी काचेकडंच बघत बसते. निरोप फाटकात घ्यायचा. सोबतीला मामा एकटा, बस्स." आणि आईला त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती मला आदल्या दिवशी कळली. राहणाऱ्याने आधी निघायचं.

मला हे काही पटलं नव्हतं. त्या सकाळी आई नेहमीसारखी तयार झाली, डबा घेतला, पर्स घेतली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, "पोचलीस की फोन कर," म्हणाली आणि स्कूटी काढून शाळेत गेली. गाडी यायला अजून अवकाश होता. मी फाटकात उभी राहून तिची पाठ बघत होते. कोपऱ्यावर तिने नीट इंडिकेटर दिला आणि वळली, मागे बघितलं नाही. ती गेल्यावर आमची गल्ली इतकी रिकामी दिसली की मला फाटक धरूनच उभं राहावं लागलं. मागे राहणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. काका शेजारी उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते; त्यांनी वाकून माझी बॅग आणखी एकदा उचलून बघितली. मामा मात्र इगतपुरीपर्यंत हुंदके देत होता.

तिकडे माझं छान झालं. त्याबद्दल वेगळं काय सांगायचं! आईला फोन केला की अनेकदा ती घरी नसायचीच. कधी शाळेतल्या बाईंबरोबर भाजीला गेलेली, कधी स्कूटीवरून थेट भगूरच्या पुढे कुठे तरी. "नंतर कर गं, गाडीवर आहे," असं आईकडून ऐकण्याचं सुख किती मोठं असतं ते ज्यांच्या आया वाट बघत बसतात त्यांनाच कळेल.

गेल्या दिवाळीनंतर काकांचे गुडघे फारच धरले आणि मुलगा त्यांना कायमचं बडोद्याला न्यायला आला. त्यांची बॅग मी भरली. एकच, तीही अर्धी रिकामी. निघायच्या सकाळी ते बूट घालून फाटकात उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, "चला, तुमी निघा आधी. नियम तो नियम." आता ते मागे राहणारे नव्हते, जाणारे होते, म्हणून नियमाप्रमाणे आम्हीच आधी निघायचं होतं. आईने स्कूटी काढली, मी मागे बसले. कोणी रडलं नाही. कोपऱ्यावर आईने इंडिकेटर दिला.

आणि वळली ती पूर्ण वळली. तिने स्कूटी परत फाटकापाशी आणली, डिकी उघडली आणि एक डबा काढून काकांपुढे धरला. त्यांनी सवयीने तो हातात घेऊन झुलवला आणि विचारलं, "यात काय? भीती?"

"उसळ," आई म्हणाली. "मीठ बघून घातलंय."

काकांनी डबा पुन्हा झुलवला नाही. दोन्ही हातांनी तसाच छातीशी धरला, आणि मुलाने गाडीत ठेवायला मागितला तरी दिला नाही.