वत्सलाबाईंचा पहिला तास

वत्सलाबाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं बाईंच्या वहीतून माझा नंबर शोधून फोनवर सांगितलं. "मावशी सकाळी गेली, सर." मी नुसता हो हो म्हणत राहिलो... त्याला आता महिना होत आला. बाईंबद्दल चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला जे सांगायचंय ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं मी परवापर्यंत समजत होतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. अहमदपूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही दोघं एकाच आठवड्यात रुजू झालो. बाई बाविशीच्या, पहिलीच नोकरी. चौथीच्या वर्गात पहिला तास शिकवायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. लेकरं गोल करून बसायची, बाई त्यांच्यातच खाली बसायच्या आणि एकेकाला विचारायच्या, "काल घरी काय झालं?" कुणी टँकरवरची भांडणं सांगे, कुणी विकलेल्या बैलाच्या आठवणीनं रडे. मला तो पोरखेळ वाटायचा. "बाई, मग शिकवायचं कधी?" मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, पोटात भीती घेऊन बसलेल्या लेकराच्या डोक्यात काय शिरणार?"

त्या गोलात सुमन नावाची मुलगी कधीच बोलली नाही. आटलेल्या विहिरीत पाणी भरायला उतरलेली तिची आई जिवंत वर आली नव्हती. बाई रोज सुमनच्या शेजारी बसत, पण तिला विचारत काहीच नसत. चार महिने असेच गेले. मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आईचा हात लई खरबरीत होता..." आणि बाईंना बिलगली. मी दारात उभा राहून हे पाहिलं होतं.

तरीही तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथी मागे का, असं विचारलं तेव्हा मीच बोलून गेलो, "पहिला तास वाया जातो, साहेब." वर्ष संपता संपता बाईंची निलंग्याकडे बदली झाली. मी त्यांना एसटीत बसवून दिलं, पण खरं सांगायला जीभ उचलली नाही. पुढे पत्रही लिहिलं नाही.

परवा भाचीला भेटायला नांदेडला बाईंच्या घरी गेलो, तर समोरच्या खोलीत सुमन बसलेली; भाचीनं नाव सांगितलं तेव्हा ओळखली. आता उदगीरला परिचारिका आहे. "सर, आमच्या बाईची बदली का झाली वो तेव्हा?" तिनं सहज विचारलं असं मला वाटलं. मी सगळं सांगून टाकलं.

"बाईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "जाताना मला म्हणाल्या, सर लई एकटे हाईत, त्यांच्याकडे जाऊन बसत जा. मी दोनदा आले होते तुमच्या दारापोतर. तुम्ही वह्या तपासत होता. वर बघितलंच न्हाई... मग मी माघारी गेले."

भाची चहा ठेवून गेली. सुमन साडेचारच्या गाडीनं उदगीरला निघून गेली. मी बाईंच्या त्या खोलीत आणखी थोडा वेळ बसलो, कारण घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.