ओढ्याकडची ओळ

वडिलांना पुरायच्या दिवशी पाळकांनी विचारलं, "यांच्या आईची कबर कुठे आहे? जवळ जागा असेल तर बघू." कुणालाच सांगता येईना. आजी गेली तेव्हा वडील जेमतेम दोन वर्षांचे होते. शेवटी कुंपणापाशी जागा मिळाली. मला रडू आलं नाही. लोक रडत होते आणि मी त्यांना पाणी देत होते.

पुढे कधीतरी मी तळोद्याहून जीपने आजोबांच्या गावी गेले. तिथल्या ख्रिस्ती देवळाच्या कपाटात आसपासच्या सगळ्या गावांच्या दफनांची जुनी वही होती. पाळकबाईंनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "वाचता येणार नाही. जुने मास्तर मोडीत लिहायचे." आजोबांच्या गावाचं नाव तेवढं एका पानावर देवनागरीत होतं. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

मोडी वाचणारे एक निवृत्त कारकून नंदुरबारला मिरची बाजाराच्या मागे राहतात. त्यांच्या ओसरीवर बसलं तरी घशाला ठसका लागतो. ते फोटो मोठा करून सावकाश वाचत गेले. आजोबांचं नाव, 'यांची बायको', 'ताप', मग 'ओढ्याकडील ओळ'. पुढच्या शब्दावर ते अडले.

"लेकरासह," ते म्हणाले. "पण पहिलं अक्षर फुटलंय. मी खात्रीने सांगणार नाही. घरात कुणाला विचारा."

विचारायला एकच माणूस उरलं होतं. फुई, म्हणजे वडिलांची मोठी बहीण. गुडघ्यांमुळे ती वडिलांच्या मातीलाही येऊ शकली नव्हती. मी तिथूनच फोन लावला आणि तो शब्द वाचून दाखवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"हां," ती म्हणाली. "पोर व्हती. मायना कुशीमाच ठेवी व्हती तिले. मी दखेल शे."

"तू पाहिलंस. पप्पांना माहीत होतं?"

"तुन्हा बापले कोनी सांगं नही. तो धाकला व्हता. मोठा व्हयना तवय सांगीसन काय करतू?"

म्हणजे वडिलांना एक धाकटी बहीण झाली होती आणि आयुष्यभर त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी कारकूनकाकांना म्हटलं, "शब्द बरोबर आहे." त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला. तो मी सगळा प्यायले.

पुढच्या रविवारी भावाला घेऊन त्या गावच्या कब्रस्तानात गेले. ओढा कोरडा होता. काठाच्या ओळीत दगड नव्हते, नुसते उंचवटे, तेही मोजता न येण्यासारखे. नेमका कुठला ते कळायला मार्ग नव्हता. भावाने ओळीच्या मधोमध उभं राहून प्रार्थना म्हटली. मुलीचं नाव काय घ्यायचं म्हणून तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि नाव न घेताच पुढे गेला. बाजूच्या शेतात बायका कापूस वेचत होत्या. त्यांच्यातल्या एकीने ओढणी डोक्यावर घेतली आणि प्रार्थना संपेपर्यंत हात थांबवला.

तिथूनच फुईला फोन केला.

"तठे सावली शे का?" तिने विचारलं.

"कडुनिंब आहे. दुपारनंतर सावली येते."

"बरं शे," ती म्हणाली. मग आम्ही जेवलो का ते विचारलं.